त्रिनिदादचे व्याही नाताळला पुण्यात: ब्लॅक केक, सॉरेल आणि अंडं न चालणारं स्वयंपाकघर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेकीचं टोरांटोत लग्न ठरलंय. मुलगा तिथेच वाढलेला, पण आईवडील मूळचे त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरचे, आडनाव भारतीय. 22 डिसेंबरला ते तिघं पुण्यात येणार, म्हणजे नाताळ तुमच्याच घरी. लेकीने सांगितलंय, ब्लॅक केक आणि सॉरेल नसेल तर त्यांना नाताळ वाटतच नाही. तुम्ही शोधाशोध केलीत तर कळलं की केकची फळं वर्षभर रममध्ये मुरवतात, आणि तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. घरात सासूबाई आहेत, स्वयंपाकघरात अंडं येत नाही, दारूचं तर नावच नको. सॉरेल ही काय वस्तू आहे ते कळत नाही. आणि शेवटी तुम्ही अगदी हळूच विचारलंय, की ही माणसं हिंदू असतील तर नाताळाचं एवढं कशाला?

माझ्याबद्दल एवढंच, की नवऱ्याच्या पॉइंट लिसासच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही त्रिनिदादमध्ये कूव्हा गावात नऊ वर्षं काढली. शेजारच्या बाईंनी (तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'टँटी' म्हणतात, मीही तेच म्हणायचे) मला त्यांच्या ओट्याशी उभं करून हे सगळं शिकवलं. पुण्यात परत आल्यापासून दर डिसेंबरात मी ऑर्डरचे तीस-चाळीस ब्लॅक केक करते. रेस्टॉरंटच्या पद्धती मला ठाऊक नाहीत. घरातल्या ठाऊक आहेत, आणि तुम्हाला त्याच हव्या आहेत.

तुमचे पाच प्रश्न वाचून मला खरं तर एकच दिसला: सासूबाईंचं न मोडता पाहुण्यांचा सण घरात कसा आणायचा. तो सुटण्यासारखा आहे. पण आधी तो शेवटचा, हळू आवाजातला प्रश्न घेते, कारण त्याच्या उत्तरावर तुमचा अर्धा मेनू ठरेल.

1845 साली 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं, आणि 1917 पर्यंत अशी जहाजं जात राहिली. एकूण 1 लाख 40 हजारांच्या वर माणसं उसाच्या मळ्यांवर गेली. बहुतेक सगळी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. मराठी माणूस त्यात शोधायला लागतो, त्यामुळे 'अय्या, आपलीच माणसं' म्हणून थेट पुरणपोळी वाढू नका. त्यांची आपुलकी भोजपुरी वळणाची आहे: दालपुरी, तालकारी (म्हणजे भाजी), आमचार आणि कुचेला (ही कैरीची लोणची). त्यांच्याकडे दिवाळीची सुट्टी सगळ्या देशाला असते, 1966 पासून. आणि नाताळही तसाच सगळ्या देशाचा. आमच्या गल्लीत एका घराच्या अंगणात हनुमानाच्या पूजेची लाल झंडी बांबूवर फडकत असायची आणि त्याच घराच्या खिडकीत डिसेंबरभर कागदी चांदणी लटकायची. तिथे कुणाला त्यात विसंगती दिसत नसे.

पण आडनाव भारतीय म्हणजे हिंदूच असं धरू नका. 1868 पासून तिथे कॅनडाच्या मिशनचं काम सुरू झालं, शाळा निघाल्या, आणि आज भारतीय वंशाची बरीच कुटुंबं प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) आहेत. मुसलमान कुटुंबंही आहेत. म्हणून आज रात्रीच लेकीला फोन करून तीन गोष्टी विचारा. ते चर्चला जातात का? (जात असतील तर 24 च्या रात्रीची किंवा 25 च्या सकाळची वेळ मोकळी ठेवा आणि चर्च शोधून ठेवा.) घरात दारू चालते का? आणि गाय-डुक्कर यांपैकी काय खात नाहीत? तुम्ही शाकाहारीच करणार असाल तरी तिसरा प्रश्न विचाराच. त्यावरून तुमच्या साध्या जेवणाने ते किती खूश होतील याचा अंदाज येतो. हिंदू घरातले असतील तर वरण-भात-भाजीवर चार दिवस सुखाने राहतात, हे मी पाहिलेलं आहे.

एक गोष्ट बरी झाली, की तुम्हाला बेट माहीत आहे. नुसतं 'कॅरिबियन' म्हटलं असतंत तर मी हात टेकले असते. जमैकात नाताळला नारळाच्या दुधातला भात करतात आणि त्यात घालतात 'गंगो पीज', म्हणजे आपले ओले तुरीचे दाणे. पोर्तो रिकोतही सणाच्या भातात तीच तूर असते. गयानात नाताळच्या सकाळी 'पेपरपॉट' नावाचं काळं, दाट मटण असतं, कडू कसाव्याचा (साबुदाणा होतो त्या जातीच्या कंदाचा) रस आटवून केलेल्या 'कॅसरीप'मध्ये शिजवलेलं. ते घरी करायच्या भानगडीत कुणी पडू नये, कच्च्या कडू कसाव्यात विष असतं. गयानातच मदेरा बेटाहून आलेल्या पोर्तुगीजांनी नेलेलं 'गार्लिक पोर्क' असतं, व्हिनेगर-लसणात मुरवलेलं. मूळ नाव 'विन्या द-आल्युश', आणि हेच नाव गोव्यात पोचून विंदालू झालं. तुमचे व्याही यांतलं काही मागणार नाहीत.

आता सॉरेल. ही तुमच्या यादीतली सगळ्यात सोपी वस्तू आहे, कारण सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडी.

अंबाडीची पालेभाजी आपण पावसाळ्यापासून खातो. पण पावसाळा संपून दिवस लहान व्हायला लागले की हे झाड पानांचा नाद सोडून फुलावर येतं. फिकट पिवळं, मध्ये गडद डोळा असलेलं फूल एका दिवसात गळतं, आणि त्याखालच्या पाकळ्यांसारख्या लाल पुटांना मांस चढतं. ती आंबट, करकरीत बोंडं म्हणजे सॉरेल. त्रिनिदाद विषुववृत्ताच्या उत्तरेलाच, त्यामुळे तिकडेही दिवस आपल्याच महिन्यांत लहान होतात आणि बोंडं नोव्हेंबर-डिसेंबरात भरतात. नाताळचं पेय सॉरेल का, याचं उत्तर बायबलात नाही, शेतात आहे. हे झाड आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर तिकडे गेलं. सेनेगलमध्ये हेच पेय 'बिसाप' म्हणून आजही पितात. जमैकाच्या भातातल्या ओल्या तुरीचंही तेच: तूरही दिवस लहान झाले की फुलते, म्हणून आपल्याकडे ओल्या शेंगा येतात त्याच सुमारास तिथेही येतात.

माझं आजोळ उदगीरचं. आजी या बोंडांची लसूण-मिरची घालून चटणी वाटायची. त्यांचं सरबत होतं हे मात्र मला कूव्हाच्या बाजारात कळलं. एका बाईसमोर लाल ढीग, आणि मी मोठ्याने मराठीत म्हणाले, 'अगं बाई, अंबाडी!'

पुण्यात मंडईत किंवा मराठवाडा-विदर्भातून माल आणणाऱ्या भाजीवाल्यांकडे 'अंबाडीची बोंडं' मागा. आठवडाभर आधी सांगून ठेवलंत तर आणून देतात. कधी मिळतात, कधी नाही, म्हणून वाळवलेली बोंडं आधीच मागवून ठेवा. ती 'रोझेल' किंवा 'हिबिस्कस टी' नावाने विकली जातात. इथे एक फसगत होते: काही ठिकाणी त्याच नावाखाली देवाला वाहायची जास्वंद वाळवून देतात. तिला रंग थोडाफार असतो, आंबटपणा नसतो. पाकीट फोडून एक तुकडा चावून बघा. दात आंबले तर माल बरोबर.

ताजी बोंडं अर्धा किलो घ्या. देठाकडून सुरीने गोल चीर देऊन मधलं हिरवं बी ढकलून काढायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, बोटं दोन दिवस लाल राहतात. वाळलेली असतील तर 100 ग्रॅम पुरतात. दोन लिटर पाण्यात बोंडं, आठ-दहा लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, ठेचलेलं आलं आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी घालून पाच मिनिटं उकळा, गॅस बंद करा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी गाळा आणि साखर घाला. साखर किती, हे बोंडांच्या आंबटपणावर आहे. मी 400 ग्रॅमपासून सुरू करते आणि चाखत जाते. मग बाटल्या भरून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये. पहिल्या दिवशी लवंग पुढे पुढे करते, तिसऱ्या दिवशी सगळं एकमेकांत मिसळतं. भांडं स्टीलचं घ्या. माझं पहिलं सॉरेल जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात केलं होतं. रंग मळकट झाला, चवीला धातू उतरला, आणि टँटींनी एक घोट घेऊन पेला शांतपणे खाली ठेवला. त्यांनी काही बोलायची गरज नव्हती.

यात दारू असायलाच हवी असं नाही. तिकडे पोरंसोरंही हेच पितात, मोठी माणसं आपापल्या पेल्यात रम ओततात. म्हणजे सॉरेल सासूबाईंच्याही पेल्यात जाऊ शकतं, आणि त्यांनी ते 'अंबाडीचं सरबत' म्हणून प्यायलं तर काही खोटं नाही.

आता केक. इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय.

वर्षभर फळं मुरवणं ही सवय आहे, अट नाही. टँटींची बरणी कधी रिकामी होत नसे. नाताळनंतर उरलेल्यात नवी फळं पडत, म्हणून तिचं वय कुणालाच सांगता येत नसे. पण त्यांच्या सुनेला कामामुळे वेळ नसायचा, ती पंधरा दिवस मुरवून करायची. फरक होता, पण जेवणाऱ्या वीस माणसांपैकी दोघांनाच कळेल एवढा. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत, भरपूर झाले.

खरी अडचण रम आणि अंडं. इथे लोक दोन प्रकारे स्वतःची फसवणूक करतात. पहिली: 'ओव्हनमध्ये दारू उडून जाते, सासूबाईंना सांगायची काय गरज.' सगळी उडत नाही. शिवाय केक गरम असतानाच वरून आणखी रम ओततात, ती तर कुठेच जात नाही. जी बाई दारू खात नाही तिला हा केक न सांगता देऊ नका. दुसरी: 'अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घातलं की तोच केक.' तो चांगला केक होतो, तोच होत नाही. ब्लॅक केकचा पोत ओलसर, दाट, सुरीला किंचित चिकटणारा, पुडिंगच्या जवळचा असतो, कारण त्याचा पूर्वज इंग्रजांचं प्लम पुडिंग. एवढ्या फळांचं वजन अंडी उचलून धरतात. बिनअंड्याच्या केकमध्ये तेवढी फळं घातली तर मध्ये बसतो.

म्हणून माझा सल्ला दोन केकचा आहे. एक खरा, तुमच्या स्वयंपाकघराबाहेर केलेला. सोसायटीत अंडं चालणारं आणि ओव्हन असलेलं एखादं घर असेलच, एक दुपार त्यांच्याकडे जा आणि अर्धा केक त्यांना द्या. केक घरी आणल्यावर डब्यात बंद, हॉलच्या कपाटात, त्याची सुरी वेगळी, बशा वेगळ्या. आणि हे सगळं सासूबाईंना आधी सांगून. माझा अनुभव असा, की वडीलधाऱ्यांना विचारलं तर त्या 'माझ्या ओट्यावर नको' एवढ्यावर थांबतात. न विचारता कळलं तर मात्र महाभारत होतं. दुसरा केक घरच्यांसाठी: तुम्ही नेहमी करता तो बिनअंड्याचा फ्रूट केक, फक्त फळं आदल्या दिवशी काळ्या द्राक्षांच्या आणि संत्र्याच्या रसात मंद आचेवर फुगवलेली, प्रमाण निम्मं, आणि रंगाला 'ब्राउनिंग', म्हणजे जाळलेली साखर, ती कशी करायची ते पुढे सांगते. तो काळाच दिसेल. टिकणार मात्र फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्यामुळे 23 ला करा.

खऱ्या केकची फळं आज-उद्याच भिजत घाला. बिनबियांच्या काळ्या मनुका 300 ग्रॅम, बिया काढलेले प्रून 300, बेदाणे 200, चेरी 100, संत्र्याची मुरवलेली साल 100. आपल्याकडची लालभडक 'चेरी' बहुतेक वेळा पाकवलेलं करवंद असतं. चालतं, पण आधी कोमट पाण्यात धुवून रंग काढा. टूटीफ्रूटी घालू नका, ती कच्ची पपई आहे आणि या केकमध्ये तिचे नुसते गोड खडे लागतात. सगळं मिक्सरमध्ये थोडं थोडं घालून, थांबत थांबत फिरवा. टँटी टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं हाताचं यंत्र वापरायच्या आणि फळं जवळजवळ लगद्यासारखी व्हायची. भारतातल्या प्लम केकमध्ये मनुका अख्ख्या दिसतात, यात दिसता कामा नये. मग काचेच्या बरणीत अर्धा लिटर डार्क रम आणि पाव लिटर चेरी ब्रँडी. चेरी ब्रँडी पुण्यात शोधत बसू नका, गोव्याची पोर्ट वाइन घाला, मी तीच घालते. रमसाठी ओल्ड मंक उत्तम, तिच्यातला व्हॅनिलाचा वास इथे उपयोगी पडतो. बरणी सासूबाईंच्या नजरेआड, म्हणजे शेजारणीकडेच, आणि आठवड्यातून एकदा कोरड्या चमच्याने ढवळायची. रम गॅसवर गरम करायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, पेट घेते.

करायच्या दिवशी: लोणी 250 ग्रॅम, ब्राउन शुगर 250, मैदा 250, अंडी सहा, बेकिंग पावडर दोन चमचे, दालचिनी पूड एक चमचा, किसलेलं जायफळ अर्धा चमचा, व्हॅनिला आणि बदामाच्या इसेन्सचे चार थेंब. तिकडे 'मिक्स्ड इसेन्स' नावाची बाटलीच मिळते, ही त्याची नक्कल. लोणी-साखर फिकी आणि हलकी होईपर्यंत फेटा. अंडी वेगळी फेटताना त्यात लिंबाच्या सालीचा तुकडा टाका आणि नंतर काढा. त्रिनिदादमध्ये म्हणतात, सालीने अंड्याचा 'फ्रेशनेस' जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेना, ताजेपणा का घालवायचा? मग वास घेतल्यावर उमगलं: त्यांचा 'फ्रेश' म्हणजे आपला वशट. मासे-मटणालाही ते हाच शब्द वापरतात आणि त्यावर लिंबू चोळतात.

मग अंडी थोडी थोडी लोण्यात, वर मैदा, मग बरणीतली सगळी फळं, आणि शेवटी ब्राउनिंग. यातून 7 इंची दोन केक होतात. ओव्हन 140 अंश, वेळ दोन ते अडीच तास. डब्याला आतून दोन पदर बटर पेपर, बाहेरून वर्तमानपत्राची जाड पट्टी सुतळीने बांधून. ओटीजी असेल तर वरची कॉइल बंद आणि खालच्या खणात पाण्याची थाळी. काडी घालून बघाल तर ती अगदी कोरडी येणार नाही, थोडे ओले कण लागतात. पूर्ण कोरडी येईपर्यंत थांबलात तर कडा दगड होतात. बाहेर काढल्याबरोबर प्रत्येकावर चार-पाच चमचे रम, गार झाल्यावर फॉइलमध्ये गुंडाळून डबा. 15 डिसेंबरच्या सुमारास केलात तर 25 ला ऐन भरात असेल.

ब्राउनिंगवर वेगळं लिहायला हवं, कारण केक काळा होतो तो त्याच्यामुळे, आणि बहुतेकांचा तिथेच फसतो. ही नुसती जाळलेली साखर. जाड बुडाच्या कढईत एक वाटी साखर, पाणी नाही. वितळते, सोनेरी होते, तांबूस होते, इथे कॅरमल पुडिंगवाले गॅस बंद करतात. तुम्ही करायचा नाही. रंग रक्तचंदनासारखा होतो, मग कॉफीच्या अर्कासारखा, कडेने धूर निघायला लागतो, फेस वर चढतो. खिडक्या उघड्या ठेवा, घरातली सगळी माणसं 'काय जळतंय' म्हणून येणारच. धूर दाट झाला आणि फेस खाली बसू लागला की गॅस बंद. आता अर्धी वाटी उकळतं पाणी, लांब दांड्याच्या पळीने, तोंड बाजूला करून, थोडं थोडं. मी एकदा गार पाणी ओतलं होतं, मनगटावर अजून डाग आहे. थेंब पांढऱ्या बशीत टाकून तिरपा करा: मध्ये काळा आणि कडेला तांबडी छटा दिसली तर जमलं. चवीला कडू, पण कोळशासारखं खरखरीत नाही. नुसता गोड लागला तर केक तपकिरी होईल. निव्वळ राख लागली तर टाकून द्या आणि पुन्हा करा, एक वाटी साखरेचंच नुकसान आहे. केकला तीन मोठे चमचे पुरतात. उरलेलं बाटलीत महिनोन्महिने राहतं. यात अंडं नाही, दारू नाही, तुमच्या ओट्यावर खुशाल करा.

खाण्यात तिसरी गोष्ट घ्यायची तर मी 'पास्टेल' घेईन. मक्याच्या पिठाची पातळ लाटी, आत सारण, केळीच्या पानात चौकोनी पुडी बांधून वाफवलेली. शेजारच्या व्हेनेझुएलातून आलेला स्पॅनिश प्रकार आहे, आणि मूळचं सारण मांसाचं असलं तरी मसुराचं किंवा सोयाचं तिकडेही सर्रास करतात. मसूर मोकळे शिजवून कांदा, लसूण, कोथिंबिरीच्या जवळपासचा हिरवा वास (तिकडचं 'शॅडो बेनी' इथे मिळणं कठीण, भरपूर कोथिंबीर घाला), आणि मुख्य म्हणजे चिरलेली ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या कळ्या) आणि मनुका. खारट-गोड ही जोडी चुकवू नका, तीच ओळख आहे. पिठाबाबत: तिकडे आधीच शिजवून वाळवलेलं मक्याचं पीठ मिळतं, आपलं साधं पीठ तसं मळलं तर चिरा पडतात. मोदकाला काढता तशी उकड काढा, पाण्यात लोणी आणि मीठ घालून. पान गॅसवरून फिरवून मऊ करायचं, तेल लावायचं, गोळा पुरीयंत्रात दाबायचा, सारण, घडी, पुडी, सुतळी, अर्धा तास वाफ. कोकणातली पानगी ज्यांनी केली असेल त्यांच्या हाताला हे सांगावं लागत नाही. याच पिठात नारळ, लाल भोपळा आणि साखर घालून पानात वाफवलं की 'पेमी' होते, गोड. ती आपल्या पातोळ्यांच्या इतकी जवळची आहे, की सासूबाईंना करायला सांगा. मनापासून सांगते, या एका गोष्टीने विहीणबाई आणि सासूबाई एका पाटावर येतील.

'पाँच द क्रेम' नावाचं एक पेय लेकीने सांगितलं तर घाबरू नका. कच्ची अंडी, कंडेन्स्ड मिल्क, रम, जायफळ आणि अँगोस्टुरा बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क). तुमच्या घरी नाही जमायचं. पण अंड्याऐवजी उकडून घोटलेला लाल भोपळा घालायची पद्धत तिथे आहेच. रम वगळून दूध, कंडेन्स्ड मिल्क, भोपळा आणि जायफळ असं थंडगार द्या. बिटर्सचे थेंब ज्यांना हवेत त्यांच्या पेल्यात. ती बाटली त्रिनिदादचा अभिमान आहे (1824 मध्ये व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने बनवली, 1875 पासून पोर्ट ऑफ स्पेनमध्ये), पण तिच्यात जवळजवळ 45 टक्के अल्कोहोल असतं, म्हणून सगळ्यांसाठी केलेल्या पेयाच्या भांड्यात घालू नका.

जेवणात त्यांना एखादी भाजी ओळखीची हवी असेल तर अळू करा. त्रिनिदादमध्ये अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध एकत्र शिजवून घोटतात, 'कॅलालू' म्हणतात, दर रविवारी असतं. त्यात एक अख्खी झणझणीत मिरची न फोडता तरंगत ठेवायची आणि वाढण्यापूर्वी अलगद काढायची, म्हणजे तिचा वास उतरतो, जाळ नाही. मिरची पातेल्यात फुटली तर तो दिवस घरात बराच काळ लक्षात राहतो.

पदार्थ झाले. पण मला विचाराल तर त्रिनिदादच्या नाताळचा वास केकचा कमी आणि रंग-व्हार्निशचा जास्त. डिसेंबर लागला की घरं खरवडून निघतात. भिंती, फर्निचर, जमीन, सगळं. याला ते 'घर पुट अवे करणं' म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी, 24 च्या रात्री, नवे पडदे लागतात. आधी नाही. पहिल्या वर्षी मी 20 तारखेलाच लावून मोकळी झाले तर टँटी दारात उभ्या राहून म्हणाल्या, आता 25 ला सकाळी उठून बघणार काय? दिवाळीची साफसफाई तुमच्या घरात नुकतीच झालेली असेल, तेव्हा पुन्हा करू नका. पण हॉलचे पडदे धुवून बाजूला ठेवा आणि 24 ला रात्री जेवणं झाल्यावर विहीणबाईंना हाताशी घेऊन चढवा. बघा त्या काय बोलतात.

मग पारांग. घरोघरी जाऊन स्पॅनिशमध्ये गायची नाताळची गाणी, क्वात्रो नावाचं चार तारांचं छोटं गिटार आणि माराकास, म्हणजे खुळखुळे. कोकोच्या मळ्यांवर व्हेनेझुएलातून आलेल्या लोकांनी ती रुजवली, परामिन आणि लोपिनोच्या डोंगराळ गावांत ती अजून जोरात आहेत. गाणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्पॅनिश येत नसतं, ऐकणाऱ्यांना तर नाहीच. डेझी व्हॉइसिन यांची गाणी शोधून 23 पासूनच स्वयंपाक करताना लावून ठेवा. आणि दार उघडं ठेवायचं. 25, 26 ला माणसं न सांगता येतात, बसतात, निरोप घेताना फॉइलमध्ये केकचा तुकडा घेऊन जातात. आपल्या फराळाच्या ताटांची ये-जा असते तसंच. शेजारपाजारच्यांना आधीच सांगून ठेवा की या दोन दिवसांत चहाला डोकवा. पाहुण्यांना रिकामं घर सगळ्यात जास्त खुपेल.

क्रम असा लावा. फोन आज, फळं उद्या, वाळलेली बोंडं याच आठवड्यात मागवा. ब्राउनिंग 14 ला, केक 15 ला शेजारणीकडे. सॉरेल 21 ला रात्री उकळा, म्हणजे 25 पर्यंत मुरेल. पास्टेल 22 ला बांधून, वाफवून, गार करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, पानासकट, आणि सकाळी थेट वाफेवर पंधरा-वीस मिनिटं. घरचा बिनअंड्याचा केक 23 ला. 25 ला सकाळी नाश्त्यालाच पास्टेल, ताजा पाव, लोणी आणि सॉरेल मांडा. खरा केक दुपारी. पहिला तुकडा विहीणबाईंना कापू द्या, आणि तुकडे बोटभर जाडीचेच, केक जड असतो. काळा रंग बघून सासूबाई 'करपला का गं?' म्हणतीलच. एवढं रंगाचं मात्र त्यांना आधी सांगून ठेवू नका.